मुंडीचा मान

दुखत काहीच नव्हतं, हीच मोठी अडचण झाली. छातीत कळ आली असती, पाय सुजले असते, तर मी डॉक्टरचं मुकाट ऐकलं असतं. मेंढरू लंगडायला लागलं की त्याचा खूर उचलून पाहायचा, एवढं मला कळतं. पण जे मेंढरू लंगडतच नाही, त्याचा खूर कोण पाहतं?

मोतीबिंदू काढायचा म्हणून पोरानं जालन्याला नेलं. पोरगा जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर कामाला आहे, तिथंच खोली करून राहतो. सून अन् आम्ही दोघं इकडं गावाकडं, केदारखेड्याच्या अलीकडं. डोळ्याच्या आधी रक्त तपासावं लागतं म्हणाले. उपाशीपोटी रक्त काढलं. साखर चांगली निघाली, बीपी बराबर निघालं. मी पोराकडं ताठ मानेनं पाहिलं. मंग त्यांनी तिसरंच काही काढलं. रक्तात चरबी. कोलेस्ट्रॉल. हा शब्द माझ्या तोंडात बसायला लई दिवस लागले. आता झोपेतही म्हणता येतो.

डॉक्टर म्हणजे माझ्या नातीच्या वयाची बाई. पण बोलायला नीट होती. म्हणाली, "बाबा, मटणाचा रस्सा गार झाला की वर पांढरं थिजतं ना? तसलं नसांच्या आतून बसतंय, असं समजा."

"मंग मी गार होतच न्हाई," मी म्हणालो.

पोरगा हसला. बाई हसली नाही. म्हणाली, "गोळी सुरू करता येईल. नाहीतर आधी खाणं बदलू, चालणं सुरू करू, आणि तीन महिन्यांनी परत पाहू."

"गोळी नको."

"गोळीत वाईट काही नाही, बाबा."

"वाईट नसंल. पण मी जन्मात कधी रोजची गोळी खाल्ली न्हाई. खाली आणून दाखवतो."

असं मी बोलून बसलो. बोललेलं मागं घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

मंग तिनं सांगायला सुरुवात केली. तळलेलं बंद. डालडा, फरसाण बंद. मटणाची चरबी बंद. पालेभाजी खा, डाळी खा, जवस खा, भाकर खा पण पोट टम्म होईस्तोवर नको. अन् रोज अर्धा तास चाला.

"चालू? मी?" मला रागच आला. "बाई, माझी हयात मेंढरामागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचो ते मिरगाला परत. घाट चढलो, नद्या उतरलो. माझ्याएवढं चाललेला माणूस तुमच्या दवाखान्यात आल्ता का कधी?"

"मेंढरं विकून किती वर्षं झाली?"

पोरानं सांगून टाकलं.

"ते चालणं संपलं, बाबा," ती म्हणाली. "कालच्या भाकरीवर आजचं पोट भरतं का?"

मी उठायला लागलो, तेव्हा तिनं शेवटचं सांगितलं, "आणि भेजा, कलेजी, मुंडी, हे बिलकुल नाही."

बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं. मुंडीपाशी अडकलो.

आमच्या भावकीत चैत्रात म्हसोबाला बोकड पडतं. शेताच्या बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तोच म्हसोबा. या बळीच्या जेवणाला आम्ही कंदुरी म्हणतो. गडी माणसं तिथंच दगडाच्या चुलीवर मटण शिजवतात, बाया भाकरी थापतात. मुंडी वेगळ्या पातेल्यात शिजते. आधी गड्यांची पंगत बसते, अन् शिजलेली मुंडी थोरल्याच्या ताटात येते. त्यानं पहिला घास घेतल्याबिगर कुणी जेवणाला हात लावायचा नाही. मंग थोरल्यानं ती खायची, वाटलं तर शेजारच्याला तुकडा द्यायचा, न वाटलं तर नाही. माझा बाप तोंडात एक दात नसतानाही ती चघळत बसायचा. बाप गेल्यावर चौघांत माझ्या डोक्याला फेटा बांधला, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पुढच्या चैत्रात ते ताट माझ्यापुढं आलं, तेव्हा कळलं की मी थोरला झालो.

माझ्या पाठचा एकच भाऊ आहे. जमीन त्याची काळी, ट्रॅक्टर त्याचा, घर स्लॅबचं. मेंढरं त्यानं माझ्या कितीतरी आधी विकली. त्याच्याकडं सगळं आहे, फक्त मुंडी माझ्याकडं येते. दरवर्षी पंगतीत मोठ्यानं विचारतो, "दादा, दात साथ देऊन राह्यले ना? नसंल होत तर सांग." लोक हसतात. मीबी हसतो, अन् शेवटचं हाडूक चोखल्याबिगर उठत नाही.

आता मुंडी सोडली, तर मान त्याच्याकडं जाणार. अन् आमच्यात थोरला जिवंत असताना तो मान दुसऱ्याकडं गेलेला मी पाहिला नाही, बापाकडून ऐकलाही नाही.

डोळ्याचं तेवढं उरकून घरी आलो तर पोरानं फोनवर सगळं सुनेला सांगून ठेवलेलं. सून गुणाची आहे, पण ऐकलेलं लगेच करते. दुसऱ्या दिवसापासून करडईचं तेल चमच्यानं पडायला लागलं. मेथी, अंबाडी, तांदुळजा, परत मेथी. हुलग्याचं पातळ माडगं. फोडणीचा नुसता वास. वर जवसाची चटणी.

"जवसाची पेंड आपण गाभण म्हशीला घालत होतो," मी म्हणालो. "मी काय गाभण हाये?"

बायको चुलीपाशी होती. तिकडूनच म्हणाली, "गाभण असते तर आजवर व्याले असते. खा गुमान."

सुनेनं पदर तोंडाला लावला. मी खाल्लं. काय करणार?

पहिले पंधरा-वीस दिवस ताटावर बसलो की भांडायची इच्छा व्हायची. मंग तीही गेली. जेवण म्हणजे औत हाकल्यासारखं झालं. बसायचं, संपवायचं, उठायचं. बायकोनंही माझ्याबरोबर तेच खाणं चालू केलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, तुझ्या रक्तात काय झालंय? ती म्हणाली, "माझं रगत कुणी बघितलंय?" अन् भांडी उचलून गेली. ती कायम आमच्या सगळ्यांच्या मागून जेवते. उरलेलं खाते. तिच्या ताटात काय असतं, ते मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल.

खाण्यापरीस चालण्याची गोष्ट अवघड निघाली.

गावापासून नाल्याच्या पुलापर्यंत डांबरी रस्ता आहे. पहिल्या दिवशी सकाळी काठी घेऊन निघालो. टपरीवर बसलेल्यांनी विचारलं, "कुठं निघाले, बापू?"

"कुठं न्हाई. चालून राह्यलो."

"चालून राह्यले ते दिसून राह्यलं. पण कुठं?"

खेड्यात माणूस कुठंतरी चाललेला असतो. शेतात, गिरणीवर, मयताला, सोयऱ्याकडं. बिनकामाचा, रिकाम्या हातानं जाऊन तसाच परत येणारा माणूस म्हणजे एक तर भांडून निघालेला, नाहीतर डोकं फिरलेला. चार दिवस गेले अन् पोराचा जालन्याहून फोन. "आबा, तुम्ही रुसून कुठं निघून चाललात? इथं गिऱ्हाइकानं सांगितलं मला."

मंग मी उपाय काढला. घरात दुधापुरती एक शेळी होती. तिचं दावं धरलं अन् निघालो. त्या दिवशी टपरीवर कुणी मान वर करून पाहिलं नाही. शेळी चारायला निघालेल्या धनगराला कोण काय विचारणार? मला बरं वाटलं. खरं सांगायचं, तर लई दिवसांनी बरं वाटलं. दाव्याला ओढ होती, पुढं जीव होता. ती बाभळीपाशी थांबली की मी थांबायचो, काठीवर हनुवटी टेकवायचो, एक पाय दुसऱ्यावर टाकायचो, अन् उभ्या उभ्या पूर्णा नदीच्या दिशेला बघत राहायचो. ती बोरीकडं वळली की मी वळायचो. अर्ध्या तासाच्या जागी दोन-दोन तास बाहेर राहिलो. ही बाई म्हणते त्याच्या चौपट करून राह्यलो, असं मला वाटलं. आता गोळीवाल्यांना दाखवतो.

शिमग्याच्या आधी परत रक्त दिलं. काटा होता तिथंच. एवढासा हलला होता, सुनेच्या चमच्यापुरता.

बाईला पटेना. "तेल कमी केलंत?"

"केलं."

"मटण?"

"वासबी न्हाई घेतला."

"चालता का रोज?"

"दोन-दोन तास!"

"कसं चालता, सांगा."

मी अभिमानानं सांगितलं. शेळी, दावं, बाभळी, पूल.

"शेळी थांबली की तुम्ही काय करता?"

"काठीवर टेकतो."

बाईनं चष्मा काढला. या वेळी ती हसली. "बाबा, शेळीचं कोलेस्ट्रॉल नक्की उतरलं असेल."

पोरगा एवढा हसला की बाहेर बसलेल्या माणसांनी आत डोकावून पाहिलं. माझ्या कानाला ऊन लागल्यासारखं झालं. हयातभर ज्या चालीनं चाललो, ती चाल म्हणजे उभं राहणं आहे, असं दोन शब्दांत सांगितलं तिनं. अन् खोटंही म्हणता येईना.

"जरा दम लागेल, पण बोलता येईल, असं चालायचं. मध्ये थांबायचं नाही," ती म्हणाली. "आणि आता गोळी घेऊ या."

"अजून एक बार. वैशाखात परत बघा."

तिनं पोराकडं पाहिलं, पोरानं खांदे उडवले. निघताना मी दारातून मागं फिरलो. विचारलं, "चैत्रात एक दिवस मुंडी खाल्ली तर?"

"एक दिवस थोडी खाल्ली तर आभाळ कोसळत नाही. पण बाबा, तुम्ही थोडी खाणारे आहात का?"

पोरीनं मला बराबर ओळखलं होतं. थोडी खाणं म्हणजे पंगतीसमोर हाडूक अर्धं टाकून उठणं. तसं मी करणार नव्हतो.

मंग शेळी घरी बांधली अन् एकटा चालायला लागलो. न थांबता. टपरीवाले विचारत, "कुठं?" मी म्हणायचो, "कुठंच न्हाई." काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. म्हातारं गेलं कामातून, असं ठरवलं असेल. चालताना दम लागायचा तो लागायचाच, पण त्यात थकलो नाही. थकलो ते दुसऱ्याच गोष्टीनं. मेंढरक्याला दर थोड्या अंतरावर मागं वळून पाहायची सवय असते, कोणी मागं राहिलं का म्हणून. मी अजून वळतो. मागं डांबरी रस्ता असतो, नुसता. पुढं पाहिलं तर तोच. कळपामागं चालताना पाय दुखत होते, पण हा रस्ता कशासाठी ते माहीत होतं. आता कशासाठी, तर रक्तासाठी. स्वतःच्या रक्तामागं चालायचं म्हणजे आपणच मेंढरू, आपणच मेंढरक्या. पुलावर पोचलो की वाटायचं, इथंच बसावं. बसलो नाही. बोलून बसलो होतो ना.

चैत्र लागला. बोकड हसनाबादच्या बाजारातून आणलं, धाकट्यानंच आणलं. आदल्या सांजेला बायको म्हणाली, "उद्या मुंडी भाऊजींना देऊन टाका."

"मी मेल्यावर."

"मंग खा अन् मरा. म्हंजे बराबर त्यांच्याकडं जाईल."

मी उठून अंगणात गेलो. ती मागून म्हणाली, "एवढी मेथी खाऊन राह्यले त्याचं काय? मीबी खाल्ली तुमच्यासंग." तिचा आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. माझ्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली पंगत बसली. ऊन मी म्हणत होतं. पलीकडं बाया तीन चुलींवर भाकरी करून घामाघूम झाल्या होत्या. नारळ फुटला, निवद झाला. मंग ते ताट आलं. वाफ निघत होती. वासानं माझ्या तोंडाला एवढं पाणी सुटलं की मला लाज वाटली.

धाकटा माझ्या शेजारीच बसलेला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादा, डॉक्टरनं बंद केलंय म्हणं? पोरगं सांगत व्हतं."

मी पोराकडं पाहिलं. तो पत्रावळ नीट करायला लागला.

"दे इकडं," धाकटा म्हणाला. "माझं रगत साफ हाये. तुला कशाला तरास?"

पन्नास माणसं हात आखडून बसलेली. लेकरं पत्रावळीकडं बघून राह्यलेली. ताट माझ्यापुढं, अन् त्याचा हात अर्धा पुढं आलेला. मी भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याबरोबर तोंडात घातला. घास घास असतो. "चला, जेवा," म्हणालो. पंगत सुरू झाली. धाकट्याचा हात मागं गेला. ताट मी माझ्या मांडीजवळ ओढून घेतलं, पण त्याला बोट लावलं नाही.

भाकर, कांदा, वरून थोडा पातळ रस्सा, एवढंच जेवलो. धाकटा तिरप्या नजरेनं बघत होता. लोक जेवत होते, वाढपे फिरत होते, अन् मी त्या ताटाकडं पाहत होतो. बोकडाची चरबी उन्हाळ्यातही थिजते. कडेनं पांढरं धरायला लागलं, मंग हळूहळू आत आलं. त्या पोरीनं सांगितलेलं तसंच. मला भीती वाटली नाही. मला फक्त लई थकल्यासारखं झालं. एवढे दिवस चालून चालून मी इथंच येऊन बसलो होतो, एका ताटापुढं. खाता येईना, देता येईना.

गड्यांची पंगत उठली. मी ताट उचललं. धाकटा म्हणाला, "कुठं निघाला?"

मी बायांच्या चुलीकडं गेलो. बायको उलथनं बाजूला ठेवून कपाळाचा घाम पुसत होती. तिच्यापुढं ताट ठेवलं.

"खा."

"काय येड लागलं का? मुंडी हाये ती."

"ठाव हाये. खा."

धाकटा मागं येऊन उभा राहिला होता. "दादा, बाईमाणसाच्या ताटात मुंडी जात न्हाई. आपली रीत न्हाई ती."

"ताटात आल्यावर कुणाला द्यायची ते थोरला ठरवतो," मी म्हणालो. "ही रीत हाये का न्हाई?"

तो काही म्हणाला असता तरी मी ऐकलं नसतं.

बायको माझ्याकडं बघत राहिली. मंग तिनं ताट चुलीच्या आरावर जरा धरलं, चरबी विरघळली, ती एका कडेला निथळली. गालाचं मास तोडून तोंडात घातलं. सावकाश चावलं. पन्नास वर्षांहून जास्त झाली, दर चैत्रात ती इथं भाकरी थापते. मुंडीची चव तिला माहीत नव्हती. भावकीतल्या कुठल्याच बाईला नव्हती.

"ह्याच्यासाठी व्हय?" ती म्हणाली.

"काय?"

"ह्याच्यासाठी दोघं भाऊ दर साली भांडता?" तिनं अजून एक तुकडा तोडला. "जीभ तेवढी बरी लागती." अन् शेजारी पीठ मळत बसलेल्या जावेला, धाकट्याच्या बायकोला, हाक मारली, "ये गं, तू बी खा. मऊ हाये."

ती आली नवऱ्याकडं न बघता. हात पिठाचेच होते. दोघींनी मिळून मुंडी फोडली. भेजा अर्धा-अर्धा केला. कशावर तरी हसत होत्या, बहुतेक आमच्यावरच. धाकटा माझ्याजवळ उभा होता, मी त्याच्याजवळ. दोघांच्याही हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "दादा, पुढल्या साली काय करायचं?" मी म्हणालो, "जिता राह्यलो तर बघू."

माणसं न्यायला टेम्पो आला. पोरगा म्हणाला, आबा, पुढं बसा. मी नको म्हणालो. बायकोनं चढताना हाताची बोटं चाटली अन् म्हणाली, "ऊन हाये. सावकाश या."

सावकाश चालून भागत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. बांधावरून डांबरी रस्त्याला लागलो. वैशाखात परत रक्त द्यायचं आहे. उतरलं तर उतरलं. नाहीतर ती गोळी. आता मला तिचंही एवढं वाटत नाही. पुलाजवळ सवयीनं मागं वळून पाहिलं. लिंबाखाली चुलींचा धूर अजून निघत होता. मंग मी पुढं चालायला लागलो.